न दिसणाऱ्या दारांचा पहारा

मुलांनो, रात्री झोपण्याआधी आपण दाराला कडी लावतो. दुकानदार शटर ओढून कुलूप लावतो. ही दारे डोळ्यांना दिसतात. पण बँकेतली बचत, दवाखान्यातली माहिती, तुमचे परीक्षेचे गुण हे सारे आता संगणकात असते आणि संगणक एकमेकांना जोडलेले असतात. या जाळ्याला नेटवर्क म्हणतात. त्याची दारे दिसत नाहीत. त्यांवर पहारा करतो तो नेटवर्क व माहिती सुरक्षा अभियंता.

माझी एक जुनी विद्यार्थिनी पुण्यात हेच काम करते. मालेगावच्या यंत्रमागांच्या खडखडाटात तिने अभ्यास केला. ईदला ती भेटायला आली, तेव्हा मी विचारले, "तू दिवसभर करतेस तरी काय?"

ती हसून म्हणाली, "सर, मी नोंदी वाचते."

तुम्हाला वाटेल, हे काय काम झाले? पण नेटवर्कमध्ये कोण, केव्हा, कोठून आले याची नोंद संगणक ठेवत असतो. कोणाला आत सोडायचे आणि कोणाला अडवायचे, हे 'फायरवॉल' नावाची व्यवस्था पाहते. तिचे नियम अभियंता ठरवतो. रोज सकाळी दहाला येणाऱ्या कर्मचाऱ्याच्या नावाने रात्री तीनला कोणी आत आले, तर लगेच चौकशी सुरू होते.

या कामात बारीक नजर किती मोलाची असते, ते पाहा. १९८६ साली अमेरिकेतील लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टॉल नावाचे खगोलशास्त्रज्ञ संगणक सांभाळत होते. हिशेबात ७५ सेंटची तफावत निघाली. एवढ्याशा रकमेकडे दुसऱ्या कोणी पाहिलेही नसते. स्टॉल यांनी ती सोडली नाही. कोणी परका माणूस संगणकात शिरतो आहे, हे त्यांनी ओळखले. त्याला लगेच न हाकलता त्याची प्रत्येक हालचाल त्यांनी कागदावर छापून घेतली. अनेक महिन्यांनी माग पश्चिम जर्मनीतील हॅनोव्हर शहरात पोहोचला. तो माणूस सोव्हिएत हेरांना माहिती विकणाऱ्या टोळीतला निघाला!

उलट, निष्काळजीपणाची किंमतही मोठी असते. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' हा घातक प्रोग्राम दीडशे देशांत पसरला. ब्रिटनमध्ये रुग्णांच्या शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. ती फट बुजवण्याचा उपाय मार्च महिन्यापासूनच मिळत होता. ज्यांनी तो केला नव्हता, ते सापडले.

मग मी तिला आमच्या मोहल्ल्यातली हकिकत सांगितली. एका बाईंनी शिवणकाम करून मुलीच्या प्रवेशासाठी २२,००० रुपये जमवले होते. "बँकेतून बोलतो," असे सांगून एकाने फोनवर ओटीपी विचारला. त्यांनी सांगितला. पैसे गेले. लोक हसतील, या भीतीने त्या चार दिवस कोणाशी बोलल्या नाहीत. तक्रार उशिरा झाली, पैसे परत आले नाहीत. मुलीचा प्रवेश त्या वर्षी हुकला.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "सर, ओटीपी म्हणजे घराची किल्ली. ती आपणच दिली, तर आमचा पहारा काय कामाचा? पण फसलेल्या माणसाला हसू नये. हसण्याच्या भीतीनेच लोक गप्प बसतात. लगेच १९३० या क्रमांकावर फोन केला, तर पैसे वाटेत अडवता येण्याची आशा असते."

मुलांनो, घरातला मोबाइल तुम्हालाच जास्त समजतो. अम्मी, अब्बा, दादी यांना ही गोष्ट आज सांगा. कोणी फसले तर रागावू नका, आधी फोन लावा. विश्वासाने सोपवलेल्या वस्तूला आपण अमानत म्हणतो. माहितीही अमानतच आहे. तुमच्यापैकी ज्याला हिशेबातले ७५ सेंटही खटकतात, त्याने मोठेपणी ही अमानत सांभाळण्याचे काम जरूर शिकावे.