चौकशीविना बडतर्फी

सातारा, मंगळवार

चि. बेबीस,

तुझे पत्र पोचले. घरचे कुशल, मुलांच्या परीक्षा, ताईचे मनगट हा सर्व मजकूर मी स्वस्थपणे वाचला. परंतु अखेरीस, जाता जाता, 'स्वयंपाकघरातला नळ गळतो, कारागीर म्हणतो सबंधच बदला. नळच तो, बदलून टाकला की झाले, तेव्हा कोणता घ्यावा ते कळवा', असे जे तू लिहिलेस, ते वाचून मला चष्मा काढून खाली ठेवावा लागला. ज्या घरातून दादांनी शिवणयंत्रापासून रेडिओपर्यंत एकही वस्तू उघडून पाहिल्यावाचून बाहेर जाऊ दिली नाही, त्या घरच्या मुलीने हे लिहावे! आणि त्यांची ती हत्यारांची पेटी तुझ्याकडेच आहे ना, की तीही भंगारात गेली?

माझी सारी हयात कचेरीत गेली हे तू जाणतेस. तेथे साध्या शिपायालादेखील दोषारोप कळवल्यावाचून आणि त्याची कैफियत ऐकून घेतल्यावाचून बडतर्फ करता येत नसे. आणि इतकी वर्षे बिनतक्रार चाकरी केलेल्या पितळी नळाला, त्याचे अंतरंग एकदाही न पाहता, ज्याला नवा नळ विकण्यातच लाभ आहे अशा मनुष्याच्या तोंडी अहवालावरून तू काढून टाकायला निघालीस! हा शिरस्ता नळापाशी थांबत नाही. मिक्सर, घड्याळे, छत्र्या, सर्वांचे हेच चालले आहे. धाकट्याची शाळा बदलण्याचा तुमचा जो बेत आहे, तोही मला याच जातीचा वाटतो. पण तो विषय तूर्त तहकूब.

चौकशीचा पहिला मुद्दा असा, की पाणी गळते कोठून? तोंडातून थेंब पडतो की मुठीच्या बुडाशी पाझर येतो, हे तू लिहिलेच नाहीस, आणि निकाल तर सारा त्यावर. आमच्या लहानपणीचे नळ आट्यांचे. मूठ फिरवावी तशी दांडी खाली उतरे आणि तिच्या टोकाचा चामड्याचा किंवा रबरी वायसर पाण्याची वाट दाबून धरी. इंग्लंडातील रॉदरहॅमच्या गेस्ट अँड क्राइम्स या कारखान्याने १८४५ साली त्या रचनेचे पेटंट घेतले, आणि पुढे शंभरांहून अधिक वर्षे तिचेच राज्य चालले. तुझ्या नळात वायसर नाही, कार्ट्रिज आहे. नाव ऐकून बिचकू नकोस. ते एक आखूड नळकांडे असून त्यात ॲल्युमिनाच्या, म्हणजे चिनी मातीच्याच गोत्रातील परंतु तिच्याहून पुष्कळ कठीण अशा द्रव्याच्या, दोन चकत्या एकीवर एक बसवलेल्या असतात. खालची स्थिर राहते, वरची दांडीबरोबर पाव फेरा फिरते, दोहोंतील झरोके समोरासमोर आले की पाणी वाहते आणि सरकले की थांबते. पृष्ठभाग इतके समतल घासलेले असतात, की त्यांच्यामधून पाण्याला वाट सापडू नये. नळकांड्याच्या बुडाशी रबराची एक कडी, आणि दांडीभोवती बारीक कड्या, ज्यांना दुकानदार ओ-रिंग म्हणतात. मुठीपाशी पाझरत असेल तर संशय या बारीक कड्यांवर. तोंडातून थेंब पडत असेल तर बुडाची कडी ताठरली असेल, किंवा चकत्यांमध्ये वाळूचा कण वा क्षार अडकला असेल. वाघोलीचे तुमचे ते टँकरचे पाणी, त्यात बोअरचा अंश, म्हणजे क्षाराला तोटा नाही.

सिंकखालचा अँगल कॉक बंद करून नळ उघडा ठेव, म्हणजे राहिलेले पाणी निघून जाईल. सिंकच्या जाळीवर फडके पसर. मुठीचा स्क्रू आधी हातातून सुटतो आणि मग मोरीत जातो, हा माझा सिद्धान्त आहे. मूठ निघाली की पान्याने कार्ट्रिज सोडव, पण पान्याच्या जबड्यातही चिंधी धर, नाहीतर मुलाम्यावर दात उमटतील. निघालेला प्रत्येक भाग ज्या क्रमाने निघाला त्याच क्रमाने ओट्यावर मांड. चकत्यांवरून नख फिरवून पाहा. ओरखडा नसेल तर थोडा वेळ व्हिनेगरमध्ये ठेवल्याने पांढरा थर विरघळतो, सुरीने खरवडू नये. कड्या नव्या घाल आणि त्यांना सिलिकॉनचे ग्रीस लाव; खोबरेल किंवा व्हॅसलीन नव्हे, कारण अशा स्निग्ध पदार्थांनी पुष्कळ जातींचे रबर फुगते. चकती ओरखडली वा टवका उडालेली असेल, तर मात्र जुने कार्ट्रिज हातात घेऊनच दुकानात जा आणि दांडीवरचे दाते ताडून पाहून तसेच दुसरे आण. नळ तरीही शाबूतच राहतो.

'खाली पातेले ठेवले आहे' असे तू लिहितेस. सेकंदाला एक थेंब धर, म्हणजे दिवसाला ८६,४०० झाले. सलाइनच्या हिशेबाने २० थेंबांचा एक मिलिलिटर मानला, तरी चार लिटरांवर पाणी जाते. ते पातेले रात्री कोण रिकामे करते? ताईच ना?

खरे सांगायचे तर नळापेक्षा मला तिचीच धास्ती अधिक. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले, खडकवासल्याचाही बांध गेला, पुण्याचे नळ कोरडे पडले आणि आम्ही भावंडे हौदावरून कळशा वाहू लागलो, तेव्हापासून तिची ती खोड आहे: नळ बंद करायचा, दोन पावले जायचे, परत यायचे आणि पुन्हा पिळायचा. आट्यांच्या नळाला तो पीळ मानवत असे. चकत्यांच्या नळाला जोराचा काडीचा उपयोग नाही, पाव फेऱ्यानंतर थांबा येतो आणि त्यापुढचा सारा जोर त्या थांब्यावर आणि मनगटावर जातो. प्लास्टर काढताना डॉक्टरांनी काय बजावले ते तुझ्यादेखतच ना? आता थेंब पडतो म्हटल्यावर ती रात्रीबेरात्री उठून अधिकच पिळत असणार, आणि खाली ओली फरशी, तीही ती तुकतुकीत, जिला मी वास्तुशांतीच्या दिवशीच नावे ठेवली होती.

तेव्हा दुरुस्ती दुकाने उघडी असतील अशा वेळी कर. तोवर निजण्यापूर्वी अँगल कॉकच बंद करीत जा, सिंकपुढचे ते घसरते पायपुसणे उचलून टाक, आणि पाण्याचा तांब्या ताईच्या उशाशी ठेव, म्हणजे तिला स्वयंपाकघरात यावे लागणार नाही. मी लिहिले असे मात्र तिला कळू देऊ नकोस.

तुझा,
मामा