नामक्कलची गाडी, सेलमचा साबुदाणा

नामक्कल आपल्याकडे अंड्यांमुळे ठाऊक असतं. ट्रकवाल्यांना ते बॉड्यांचं गाव म्हणून ठाऊक असतं. सेलमपासून दक्षिणेला तासाभराच्या रस्त्यावर, 1997 पर्यंत सेलम जिल्ह्यातच असलेलं. गाव यायच्या आधीच दोन्ही अंगांना पत्र्याच्या शेडी लागतात आणि त्यांत उघड्या चेसिस रांगेनं उभ्या असतात. कुठे हौद्याची फळी तासली जातेय, कुठे केबिनचा सांगाडा वेल्डिंगला लागलाय, कुठे पेंटर फाळक्यावर मोरपिसं काढतोय. शेजारच्या तिरुचेंगोडमध्ये बोअरवेलच्या गाड्यांचा मोठा धंदा. आपल्या आटपाडी-जतला बोअर मारायला येणारी ‘टीएन’ पासिंगची गाडी बहुतेक वेळा याच भागातली असते. जिथे नव्या गाड्यांना अंगडी-टोपडी चढतात, तिथे जुन्यांचा बाजारही भरणारच.

आमच्या घरी वडिलांच्या वेळेपासून एक ट्रक असतो. एकच. दोन कधी झाले नाहीत. मी कॉलेजात शिकवतो, धाकटा भाऊ गाडी बघतो. आधीची सहा टायरी गाडी बारा वर्षांची झाली आणि तिला नॅशनल परमिट मिळायचं बंद झालं. दोन ॲक्सलच्या गाडीला ही मर्यादा बारा वर्षांची, मल्टिॲक्सलला पंधरा वर्षांची. म्हणून आता दहा टायर घ्यायची, आणि नवीचा हप्ता झेपणार नाही म्हणून जुनीच घ्यायची, असं ठरलं. भाऊ उसाच्या गडबडीत अडकलेला, म्हणून मी निघालो. बरोबर मिरजेचे इस्माईलभाई. वडिलांच्या हाताखाली क्लीनर म्हणून आले, आता आमचे ड्रायव्हर. वयानं माझ्यापेक्षा मोठे, पण मला ‘मालक’च म्हणतात. सांगून उपयोग झालेला नाही.

बोलणी करायला मामा होते. विटा-खानापूरकडची माणसं सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यापायी देशभर पांगलेली आहेत. मामांचं दुकान सेलमच्या शेवापेठेत, चांदीच्या पैंजणांच्या बाजारात. इतकी वर्षं तिथे राहून ते भाव तमिळमध्ये करतात आणि शिव्या मराठीत देतात.

गाडी होती 2018 सालची. कंपनीचं नाव सांगत नाही. ट्रकवाल्यांत त्यावरून भांडणं होतात. 2018 ची म्हणजे बीएस-फोर. 1 एप्रिल 2017 पासून धुराबाबतची ही अट देशभर आली आणि 1 एप्रिल 2020 पासून बीएस-सिक्स. बीएस-सिक्सच्या बहुतेक मोठ्या गाड्यांना डिझेलच्या जोडीला युरियाचं पाणी पाजावं लागतं आणि सेन्सर रुसला की लॅपटॉपवाला माणूस येईपर्यंत रस्त्याकडेला बसावं लागतं. बीएस-फोरमध्ये मात्र काही गाड्यांत जुन्या धाटणीचा इनलाइन पंप राहिला. तो हायवेवरचा कुठलाही पंपमिस्त्री खोलतो. भावानं निघताना एवढं एकच बजावलं होतं: पंप इनलाइन पाहिजे.

गाडी चकचकीत होती. केबिन लाल, हौदा पिवळा, चेसिस काळीभोर, रिमांना चांदीचा रंग. मी कौतुकानं बघत उभा राहिलो.

“मालक, रंग काय बघताय, खाली शिरा,” इस्माईलभाई म्हणाले आणि स्वतःच आधी शिरले.

पुढचे दोन तास ते त्या गाडीला एखाद्या नाडीवैद्यासारखे चाचपत होते. इंजिन चालू ठेवून तेलाचं झाकण उघडलं आणि वर तळहात धरला. बॅक प्रेशर मारत असेल तर रिंगा-लायनर गेले, हाफ इंजिनचा खर्च डोक्यावर आला. हवा जेमतेम होती. मग शाफ्ट दोन्ही हातांनी गदगदा हलवून जॉइंट क्रॉसची ढिलाई बघितली. जॅक लावून पुढचं चाक वर-खाली हलवलं, किंगपिनसाठी. पाट्यांची पानं मोजली. चेसिसचं काय एवढं, असं मला वाटायचं. पण ते सगळ्यात जास्त वेळ चेसिसपाशीच रेंगाळले. केबिनच्या मागे आणि मागच्या पाट्यांच्या ब्रॅकेटजवळ स्क्रू ड्रायव्हरनं रंग खरवडून बघितला. ज्या गाडीनं ओव्हरलोड ओढलाय तिची चेसिस तिथेच तडकते, मग वेल्डिंग मारून वरून काळा रंग देतात. इथे वेल्डिंग नव्हतं. टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. दहांपैकी चार टायर रिमोल्ड निघाले. रेडियल टायरची नवी जोडी घ्यायची तर चाळीस हजारांच्या पुढेच जावं लागतं, तेव्हा मामांनी हा मुद्दा धरून भाव खाली ओढला.

कागदांचं काम मी केलं, कारण मला तेवढंच जमतं. आरसीवर फायनान्सचा बोजा होता, तो उतरवल्याचा 35 नंबरचा फॉर्म घेतला. 29 आणि 30 वर सह्या घेतल्या. राज्य बदलायचं म्हणजे आरटीओची एनओसी, 28 नंबर. जुने चलान किती थकलेत ते ऑनलाइन बघितलं आणि ते मालकाकडून आमच्यासमोर भरून घेतले. फिटनेस, परमिट, विमा, पीयूसी चालू होतं. आठ वर्षांपुढे फिटनेस दरवर्षी करावं लागतं, तोवर दोन वर्षांनी. म्हणजे तो खर्चही आता दाराशी आलाय. विमा आपल्या नावावर करून घ्यायचा अर्ज चौदा दिवसांत द्यावा लागतो, हे जुनी गाडी घेणारे बरेचजण विसरतात आणि अपघात झाला की आठवतात.

नामक्कलचा आंजनेय अठरा फुटी आहे, अखंड दगडाचा, आणि त्याच्या डोक्यावर छप्पर नाही. त्याचं दर्शन झालं. पुढच्या चाकांखाली लिंबं ठेवली, ती चिरडून गाडी निघाली.

रिकामी न्यावी की भरून, यावर मामांचं आणि इस्माईलभाईंचं वाजलं. मामांचं म्हणणं, अनोळखी गाडी, रिकामी न्या. इस्माईलभाई म्हणाले, “रिकामी गाडी काय बी सांगत नसती.” मला ते पटलं. रिकामा ट्रक नुसत्या उड्या मारतो. क्लच, हाउसिंग, ब्रेक, रेडिएटर यांची परीक्षा वजन चढल्यावरच होते. जुना मालक राजी होता, परमिट चालू होतं आणि आषाढी तोंडावर आलेली. सेलममध्ये माल शोधायला लांब जावं लागलं नाही. आपण उपासाला खातो तो साबुदाणा बहुतांश या भागात टॅपिओकाच्या कंदांपासून बनतो. त्याच्या विक्रीसाठी 1981 पासून सेलमला ‘सागोसर्व्ह’ ही सहकारी संस्था आहे. तिथली माणसं स्वतः फारसा साबुदाणा खात नाहीत. पंढरीच्या एकादशीनं तिकडच्या शेतकऱ्याची चूल पेटते, हे मला सेलमच्या गोदामात उभं राहिल्यावर कळलं.

आरसीवर एकूण वजन 25 टन. 2018 च्या जुलैत दहा टायरची मर्यादा साडेअठ्ठावीसवर गेली, पण आमच्या गाडीचं पासिंग जुनं. रिकामी गाडी काट्यावर साडेनऊच्या आसपास भरली, म्हणून साडेपंधरा टनच भरायचे. गोदामवाला अजून दोन टन घ्या म्हणून मागे लागला. नाही घेतले. रस्सा आवळून, ताडपत्री दुहेरी टाकून संध्याकाळी निघालो.

सेलमच्या उत्तरेला तोप्पूर घाट. धर्मपुरीकडून उतरणाऱ्यांसाठी तो बदनाम आहे. डिझेल वाचवायला न्यूट्रल करतात आणि मग नुसत्या ब्रेकवर वजन थांबत नाही. आम्ही चढत होतो. समोरून येणाऱ्या गाड्यांच्या ब्रेक लायनरचा जळका वास काचेतून आत येत होता. इस्माईलभाईंनी वेळेआधीच गिअर खाली घेतला आणि मग डोळे रस्त्यापेक्षा टेंपरेचरच्या काट्यावर जास्त. काटा मध्याच्या जरा वर गेला आणि तिथेच थांबला. धूर काळा नाही, क्लच घसरत नाही. घाट संपल्यावर ते पहिल्यांदा हसले. “दिल साफ हाय,” म्हणाले. इंजिनबद्दल.

कृष्णगिरी, होसूर रात्रीत गेलं. होसूरला अशोक लेलँडचे कारखाने. गेटाबाहेर उभ्या नव्या कोऱ्या चेसिसकडे इस्माईलभाईंनी मान वळवून बघितलं, मी बघितलं नाही असं दाखवलं. बेंगळुरूच्या गावात दिवसा जड गाडी नको, म्हणून नाईस रोडनं टोल भरून तुमकूर रस्त्याला लागलो.

प्रत्येक थांब्यावर त्यांचा एक नेम असतो. चहाआधी गाडीभोवती फेरी. लोखंडी टॉमीनं एकेक टायर ठोकायचा. जोडीतल्या आतल्या टायरची हवा कमी असली की आवाज बद्द येतो. आणि प्रत्येक हबवर तळहात ठेवायचा. शिऱ्याच्या अलीकडे ढाब्यावर त्यांनी डावीकडच्या मधल्या हबवर हात ठेवला आणि झटक्यात काढला.

शिरा हे एकेकाळी मोगलांच्या सुभ्याचं ठाणं. आता हायवेला लागून गॅरेजांची रांग. तिथल्या मिस्त्रीला मराठी येत नव्हतं, मला कन्नड येत नव्हतं. इस्माईलभाई आणि तो दखनीत सुरू झाले. मिरजेची दखनी शिऱ्यात अडत नाही. चाकांची जोडी उतरवली, ड्रम बाहेर काढला. लायनर एका बाजूला करपलेलं, ड्रमवर निळी झाक. मिस्त्रीनं ब्रेक सोडायला लावला. शू मागे आलाच नाही. ब्रेकचा कॅम बुशात जाम झाला होता. कारण शोधायला वेळ लागला नाही. ग्रीस जिथून भरतात त्या निपलवर काळ्या रंगाचा जाड थर होता. चेसिस चमकवणाऱ्यानं निपलसकट सगळं रंगवून टाकलं होतं. ग्रीसगनचं तोंडच बसत नव्हतं, म्हणजे रंगल्यापासून तिथे ग्रीस गेलंच नव्हतं, आणि त्याआधीही फारसं गेलं असेल असं दिसलं नाही. असाच धावत राहिलो असतो तर हबमधलं ग्रीस पातळ होऊन वाहिलं असतं, बेअरिंग गेलं असतं, किंवा जोडीतला टायर पेटला असता. रस्त्याकडेला जळालेले ट्रक दिसतात, त्यातले काही असेच जळतात.

कॅम ठोकून बाहेर काढला, बुश नवे घातले, लायनर बदलले, स्लॅक ॲडजस्टर बांधला. मग आम्ही दोघांनी गाडीखाली आडवं होऊन पॉलिश पेपरनं एकेक निपल उघडा केला. पाट्यांचे, शाफ्टचे, किंगपिनचे, बाकीच्या ब्रेकचे. क्लीनर नसल्यानं ते काम माझ्याकडे आलं. पोटावर ग्रीसचे थेंब, कानात माती; पण ती गाडी मला तिथेच खालून कळली, आरसीवरून कळली नव्हती.

तिथून पुढे सांगण्यासारखं कमी. चित्रदुर्गच्या पवनचक्क्या, दावणगेऱ्याचा लोणी डोसा, हरिहरला तुंगभद्रा. होदिगेरेला शहाजीराजांची समाधी आहे, दावणगेरे जिल्ह्यातच. पण साडेपंधरा टन साबुदाणा घेऊन वाट वाकडी करता येत नाही. हावेरीनंतर ढग, धारवाडला पाऊस. वायपर एकच चालत होता. कोगनोळीचा टोल ओलांडून कागलला चहा घेतला. चहावाल्यानं गाडीच्या नंबराकडे बघून आमच्याशी हिंदीत बोलायला सुरुवात केली.

सांगलीच्या मार्केट यार्डात माल कोरडा उतरला. वाराईवरून हमालांशी नेहमीचं झालं. हिशेब केला तेव्हा भाड्यातला निम्म्याहून जास्त पैसा डिझेलनं घेतला होता. साडेआठशे किलोमीटरला चारच्या आसपास ॲव्हरेज, म्हणजे दोनशेहून जास्त लिटर. उरलेल्यातून टोल आणि शिऱ्याचं बिल गेलं. हातात आलं ते सांगण्याजोगं नाही. भाऊ तरी खूश होता, कारण त्याला पुढच्या कामांची यादी मिळाली: सगळे हब उघडून ग्रीसिंग, उरलेल्या चाकांचे लायनर, हाउसिंगचं तेल, पुढे दोन नवे टायर आणि अलाइनमेंट. रिमोल्ड सगळे मागे.

आपल्यापैकी कोणी जुनी गाडी घ्यायला निघणार असेल तर एवढंच सांगतो. ताज्या रंगाची गाडी दिसली की आधी निपल शोधा. आणि मालकाला म्हणा, भरून चालवून दाखव, घाटात. नाही म्हणाला तर तिथूनच मिळेल त्या गाडीनं परत या.