सुभेदारसाहेबांची मैत्रीभावना

कात्रजला आमच्या शेजारी एक निवृत्त सुभेदार राहतात. १९७१ची लढाई लढलेला माणूस. पण फटाका वाजला की अंग थरथरे, रात्र रात्र झोप नसे. घरचे म्हणत, "म्हातारपण, दुसरं काय!" तसं नसतं हो.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. जोडीला मैत्रीभावना सुरू केली. डोळे मिटून आधी स्वतःचे भले चिंतायचे, मग घरच्यांचे, परक्यांचे, शेवटी वैऱ्याचेही. इगतपुरीला विपश्यनेच्या शिबिरात अखेरीस हीच 'मंगल मैत्री' शिकवतात. सुभेदारसाहेब पहिल्याच पायरीला अडले. "जोडीदार तिकडेच राहिले, अन् मी माझं भलं मागू?" मी म्हटलं, मग त्यांच्यापासूनच सुरू करा.

आता चार तास झोप लागते. फटाक्याला अजून दचकतात. तुमच्याकडे असे कुणी फौजी असतील, तर १४४१६ या सरकारी क्रमांकावर फोन करा. पैसे पडत नाहीत, मराठीतून बोलता येते.