पाणचक्की नसलेल्या प्रदेशातील दळण

जुन्या पाणचक्क्या आणि पवनचक्क्या यांचा स्थानिक इतिहास शोधणे हा युरोपात एक प्रतिष्ठित अभ्यासविषय असून, 1965 साली पोर्तुगालमध्ये त्याचा पहिला आंतरराष्ट्रीय परिसंवाद भरला, तेव्हापासून चाकांची मापे, पाटांची वळणे आणि दळणाच्या हक्कांचे जुने कागद यांची नोंद तेथे चिकाटीने होत आली आहे. हीच दृष्टी घेऊन अमरावती आणि अकोला या वऱ्हाडातील जिल्ह्यांकडे वळणाऱ्या अभ्यासकाला मोटेच्या विहिरी दिसतात, तेल्याचे घाणे दिसतात, कापसाच्या जुन्या जिनांची धुराडी दिसतात, घरोघरच्या अडगळीत पडलेली जाती दिसतात. परंतु जिला पाणचक्कीची परंपरा म्हणता येईल असे काही दिसत नाही. अशा वेळी विषय संपला असे समजून परत फिरण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. वास्तविक पाहता एखादे यंत्र एका प्रदेशात रुजते आणि शेजारच्या प्रदेशात रुजत नाही, ही गोष्टही त्या यंत्राच्या इतिहासात मोडते आणि तिची कारणे तितक्याच काटेकोरपणे शोधावी लागतात.

वऱ्हाडात हे तंत्र ठाऊक नव्हते, असे उत्तर देऊन भागत नाही. अजिंठ्याच्या डोंगरापलीकडे औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, बाबा शाह मुसाफिर या नक्शबंदी सूफी संताच्या दर्ग्याच्या आवारात 1744 च्या सुमारास तुर्कताज खान या निजामाच्या सरदाराने जी पाणचक्की उभारली, ती आजही पाहावयास मिळते. हर्सूलच्या बाजूने नहरीतून, म्हणजे बंदिस्त जलवाहिनीतून आणलेले पाणी तेथे एका उंच भिंतीवर चढविले आहे आणि तेथून खाली पडताना ते जमिनीखालच्या आडव्या चाकाच्या पात्यांवर आदळते. चाकाचा उभा कणा वरच्या तळीला जोडलेला असल्याने दंतचक्रांची गुंतागुंत न करता ती तळी फिरते; हिमालयातील घराटांची रचना साधारण याच जातीची असते. 1724 च्या साखरखेर्ड्याच्या लढाईनंतर, आणि ते रणक्षेत्र वऱ्हाडातलेच, निजामुल्मुल्काचा अंमल या सर्व मुलखावर बसला होता. म्हणजे ज्या सत्तेच्या सरदाराने औरंगाबादेत पाण्याकडून दळून घेतले, तिच्याच छायेखाली वऱ्हाड होते. पाणी खेळविण्याची विद्याही जवळपास अपरिचित नव्हती, कारण बऱ्हाणपूरची कुंडी भंडारा ही भूमिगत जलव्यवस्था सतराव्या शतकाच्या आरंभीची आहे आणि नरनाळा व गाविलगड येथील तलाव डोंगरमाथ्यावर पाणी राखण्याचे कौशल्य दाखवितात.

कारणे शोधताना पहिली नजर नद्यांकडे जाते. सातपुड्यात उगम पावून पश्चिमेकडे तापीला मिळणारी पूर्णा वऱ्हाडच्या मधल्या सपाट खोऱ्यातून संथपणे वाहते. तिला आणि तिच्या बहुतेक उपनद्यांना पाणी येते ते मुख्यतः जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, आणि तेही कधी काठ सोडून वाहण्याइतके, तर उन्हाळ्यात पात्रात डबकी उरतात. चक्कीला मात्र थोडे पण अखंड पाणी आणि त्याला पुरेसा उतार लागतो. पूर्णेच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या सुमारे 4,700 चौरस किलोमीटरच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे जेथे भूजलच खारट आहे अशा भागात, गोड पाण्याची पहिली गरज पिण्याची होती. मेळघाटात सिपना, खापरा, गाडगा यांसारख्या नद्यांना उतार आहे, परंतु तेथील विरळ कोरकू वस्त्यांना मोठ्या चक्कीइतके दळण एका जागी जमविण्याचे कारण नव्हते. वाऱ्याविषयी तर फार लिहिण्यासारखे काही नाही. इराणच्या सीस्तानात सुमारे 120 दिवस एकसारखा जोरदार वारा वाहतो म्हणून तेथे पवनचक्क्या रुजल्या, तसा भरवशाचा वारा पूर्णेच्या खोऱ्याला लाभलेला नाही.

तथापि भूगोलावर सगळा भार टाकणे हे फार सोयीचे उत्तर ठरेल. वऱ्हाडचे रोजचे अन्न ज्वारीची भाकर, आणि ज्वारीचे पीठ शिळे झाले की त्याची विरी जाते, म्हणजे त्यातील चिकटपणा कमी होऊन भाकर थापताना तुटू लागते. त्यामुळे चार पायल्या एकदम दळून ठेवण्यापेक्षा रोजचे पीठ रोज दळणे हीच रीत येथील स्वयंपाकाला मानवणारी होती. औरंगाबादेच्या चक्कीवर यात्रेकरू, दर्ग्याचे शिष्य आणि फौजेचे शिपाई अशा एकत्र जेवणाऱ्या समुदायांचे धान्य दळले जाई आणि तिच्यामागे दर्ग्यासारखी संस्था उभी होती. खेड्यातील दळण प्रत्येक घराचे निराळे, पहाटेचे, आणि ते दळणारी व्यक्तीही ठरलेली. मार्क ब्लॉक या फ्रेंच इतिहासकाराने 1935 साली पाणचक्कीच्या प्रसारावर लिहिताना असा मुद्दा मांडला होता की, प्राचीन रोमला हे यंत्र माहीत असूनही गुलामांचे श्रम सहज मिळत असल्यामुळे त्याचा प्रसार रखडला. वऱ्हाडात गुलामांच्या जागी घरातील स्त्री होती, आणि तिच्या श्रमाला मजुरी द्यावी लागत नसल्याने तो वाचविण्यासाठी भांडवल घालावे, असे कोणालाही वाटले नाही. भूगोलापेक्षा हे कारण अधिक वजनदार आहे.

कागदपत्रे याविषयी गप्प राहतात, त्यालाही कारण आहे. इंग्लंडमधील 1086 च्या ‘डोम्सडे’ या महसुली पाहणीत सुमारे 6,000 पाणचक्क्यांची नोंद आढळते, कारण चक्की ही जमीनदाराच्या उत्पन्नाची बाब होती. कुळांनी त्याच्याच चक्कीवर दळावे अशी सक्ती असे आणि सेंट अल्बन्सच्या मठाधिपतीने लोकांची हातजाती जप्त करून मठातील दालनाला त्यांची फरशी घातली, ती 1381 च्या उठावात लोकांनी उखडून काढली. आपल्याकडे मोहतर्फा, म्हणजे कारागीर व व्यावसायिक यांच्यावरील कर, तेल्याच्या घाण्यावर बसत असल्यामुळे घाणा दप्तरात शिरला. जात्यावर कर नव्हता, म्हणून ते दप्तराबाहेर राहिले. येथे जाते जप्त करण्याची गरज कोणत्याही सत्तेला पडली नाही, हे भाग्य म्हणावे की उपेक्षा, याचा निर्णय करणे कठीण आहे.

दप्तराने सोडलेले हे जाते दोन ठिकाणी सापडते. एक म्हणजे दळताकांडताना गायिली जाणारी ओवी. बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या सोमेश्वराच्या संस्कृत ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओव्या गातात असा उल्लेख आहे, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हेमा राईरकर व गी पॉयटवँ यांनी पुण्याहून सुरू केलेल्या संकलनात महाराष्ट्रभरातील एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. दुसरे ठिकाण म्हणजे टाकणकार. दळून दळून तळी गुळगुळीत झाली की पीठ जाडेभरडे पडते, म्हणून छिन्नीने तिच्यावर पुन्हा खाचा पाडाव्या लागतात. याला जात्याला टाकी लावणे म्हणतात आणि वऱ्हाडात हे काम करणारा समाज टाकणकार या नावाने ओळखला जातो. रसेल आणि हिरालाल यांच्या 1916 च्या जातिवर्णनात त्यांना पारध्यांची एक शाखा म्हटले आहे. वासाहतिक पोलिसांनी या समाजाकडे संशयाने पाहिले, आणि त्यामुळे दारोदार जाऊन दळण सुरू ठेवणाऱ्या या कारागिरांविषयीचे सरकारी लेखन त्यांच्या कसबापेक्षा त्यांच्यावरील पाळतीविषयीच अधिक बोलते. स्थानिक इतिहास लिहिणाऱ्याने पाणचक्कीचा पत्ता विचारीत हिंडण्याऐवजी टाकणकारांच्या घरांत आज काय आठवते ते विचारले, तर अधिक मिळेल.

यंत्रशक्ती वऱ्हाडात आली ती पाण्यावाऱ्याला वगळून थेट वाफेच्या रूपाने, आणि तीही धान्यासाठी नव्हे. 1853 साली इंग्रजांच्या ताब्यात गेलेल्या या मुलखातील कापसाला अमेरिकी यादवी युद्धाच्या काळात, 1861 ते 1865 या वर्षांत, प्रचंड भाव आला. 1867 मध्ये लोहमार्ग नागपूरला पोचला, आणि अकोला, अमरावती, खामगाव या बाजारपेठांत सरकी वेगळी करणारे जिन आणि रुईच्या गाठी बांधणारे प्रेस उभे राहिले. पूर्वी सरकी काढण्याचे काम हाताने फिरवायच्या रेच्यावर चाले आणि तेही बहुतांशी स्त्रियाच करीत. वाफेने रेचा हटविला, पण जिनांच्या रांगांसमोर कपाशी घालायला मजुरीने पुन्हा स्त्रियाच आल्या, आणि पाळी सुरू होण्यापूर्वी घरी भाकरीपुरते दळून येणे त्यांना चुकले नाही. पिठाची चक्की खेड्यापाड्यांत पोचायला पुढे डिझेल इंजिनाची आणि नंतर विजेची वाट पाहावी लागली. म्हणजे कापसाला लाभलेली यंत्रशक्ती ज्वारीपर्यंत यायला कित्येक दशके लागली, कारण कापूस विकला जात होता आणि घरचे पीठ विकले जात नव्हते.