पंधरा वॅट

निवृत्त झाल्यावर माणसाने काय करावं, याबद्दल घरोघरी मतं असतात. आमच्या हिचं मत होतं की मी रोज सकाळी फिरायला जावं. मी गिटारचा अँप्लिफायर आणला. तोही जुना, आणि तोही व्हॉल्व्हचा.

परदेशी निघालेल्या एका मुलाने तो ठाण्यात विकायला काढला होता. एकाच खोक्यात अँप्लिफायर आणि स्पीकर. याला कॉम्बो म्हणतात. "अंकल, व्हिंटेज टोन आहे," तो म्हणाला. शक्ती १५ वॅट. पंधरा वॅट म्हणजे आमच्या जिन्यातला दिवा, असा हिशेब करून मी पैसे मोजले. वजनही पंधराच किलो निघालं. डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसताना, वॅट आणि किलो यांतला फरक चांगला कळतो.

घरी येऊन बटण दाबलं. मागच्या जाळीतून व्हॉल्व्ह हळूहळू लालसर झाले आणि मला लहानपणचा रेडिओ आठवला. तोही अर्धा मिनिट विचार करायचा, मग बोलायचा. (हल्ली ही पद्धत माणसांतूनही गेली आहे.) पण रेडिओतून निदान बातम्या यायच्या. यातून आलं ते नुसतं 'घूंऽऽ'. तार छेडली तर त्या घूंच्या मागे कुणी पत्रा खरवडतंय असं वाटायचं. "यापेक्षा आपला मिक्सर गोड वाजतो," हिने निकाल दिला.

तेवढ्यात बेल वाजली. दारात खालचे काका. वय ब्याऐंशी. मी माफीची वाक्यं जुळवत होतो, पण काका सरळ आत आले आणि खोक्याला कान लावून उभे राहिले.

"शंभर सायकलची हम आहे. विजेच्या पन्नासाची दुप्पट. फिल्टरचे कंडेन्सर वाळलेत."

काकांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, हे साऱ्या सोसायटीला माहीत होतं. तरी इतकी वर्षं आम्ही त्यांना पाण्याच्या पंपाखेरीज काही विचारलं नव्हतं.

"प्लग काढ. आणि आत हात घालू नकोस. प्लग काढला तरी तीनशे व्होल्ट दबा धरून बसलेले असतात." त्यांनी रेझिस्टर लावून कंडेन्सर रिकामे केले, मीटर लावून खात्री केली. हे सगळं डावा हात खिशात ठेवून. दोन्ही हात आत गेले की करंटला छातीतून रस्ता मिळतो म्हणे.

मग एकेका व्हॉल्व्हवर नजर गेली. "१२ एएक्स ७? अरे, ही तर आपली ईसीसी ८३! अमेरिकेत जाऊन नाव बदललंय."

लॅमिंग्टन रोडवरून मी कंडेन्सर आणले. काकांचा हात थरथरतो, म्हणून डाग मी दिले. ते नुसतं बोट दाखवत होते. दुसऱ्याच डागाला म्हणाले, "माझ्या दुकानात असतास तर घरी पाठवला असता." घूं गेलं. खरखरणाऱ्या बटणांत क्लीनरचा फवारा मारला. मग अँप्लिफायर चालू ठेवून काकांनी पेन्सिलीने व्हॉल्व्हवर हलक्या टिचक्या मारल्या. एक छोटा व्हॉल्व्ह देवळातल्या घंटेसारखा किणकिणला. "हा माझ्यासारखा झालाय. जरा धक्का लागला की ओरडतो." तो बदलला.

तरी आवाज ढब्बच. काकांनी खोकं कोपऱ्यातून काढून स्टुलावर ठेवायला लावलं. कोपऱ्यात, जमिनीवर खर्ज फुगतो. आणि बारीक आवाज सरळ रेषेत जातो, तो इतके दिवस माझ्या पोटऱ्या ऐकत होत्या.

"आता सहावर ने, आणि गिटारचं बटण कमी कर."

मी तार छेडली. हळू छेडली तर स्वच्छ. जोरात छेडली तर आवाजाला किंचित फाटरेपण, तापलेल्या गळ्यासारखं. काका खुर्चीत बसले. पुष्कळ वेळ उठले नाहीत. दुकान बंद झाल्यावर घरात एकही व्हॉल्व्ह ठेवला नव्हता, एवढंच म्हणाले.

अडचण एकच: हा गोडवा तीनवर येत नाही. व्हॉल्व्ह दमल्याशिवाय गोड बोलत नाही, आणि तो दमेपर्यंत समोरच्या इमारतीतली कुत्री उठतात.

परवा सोसायटीत माझ्याविरुद्ध अर्ज फिरला. अकरा सह्या आहेत. काकांच्या फ्लॅटसमोर सही नाही, पेन्सिलीने लिहिलंय, "साडेसहा ते सात. ट्रेबल थोडी कमी."