श्रीनगरचा नळ

काश्मीर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे शिकारे येतात, ट्यूलिपची बाग येते, बर्फाचे गोळे फेकणारी मुलं येतात. पण जिला तिथे संसार करायचा असतो, तिला थंडीच्या दिवसांत आधी आठवतो तो नळ! ह्यांची बदली श्रीनगरला झाली, तिथे आम्ही दोन हिवाळे काढले, तेव्हा मला हे कळलं.

तिथे थंडीलासुद्धा नावं आहेत. २१ डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस म्हणजे ‘चिल्लई कलां’, मोठी थंडी. त्यानंतर वीस दिवसांची ‘चिल्लई खुर्द’ आणि शेवटी दहा दिवसांची ‘चिल्लई बच्चा’. शाळांना मोठी सुट्टी असते ती याच दिवसांत. त्यामुळे माझी अर्धवेळ नोकरीही बंद, आणि मी दिवसभर घरात. २०२४ साली तर चिल्लई कलांने येतानाच इंगा दाखवला. २१ डिसेंबरला पहाटे पारा उणे ८.५ अंशांवर! डिसेंबरातली इतकी थंड रात्र शहराने पन्नास वर्षांत पाहिली नव्हती. दल सरोवराच्या कडा गोठलेल्या, छपरांच्या कडांना बर्फाचे लांबलचक सुळे लोंबणारे. त्यांना तिथे ‘शिशरगांठ’ म्हणतात. बघायला काचेच्या झुंबरासारखं सुरेख, पण गल्लीतल्या घराघरांतले नळ मात्र मुके!

आमच्या घरात पाणी होतं, ते घरमालकीणबाईंमुळे. साठीच्या पुढच्या, पायघोळ फेरन, आत कांगडी. मी त्यांना चाची म्हणायची. संध्याकाळचा नमाज झाला की त्यांची फेरी सुरू व्हायची. आधी घागरी, पातेली भरून घ्यायची. मग मेन कॉक बंद करायचा आणि सगळ्यांत खालचा नळ सोडायचा. वरचेही नळ उघडायचे, म्हणजे हवा आत शिरते आणि पाइपातलं पाणी पूर्ण उतरतं. हे उतरलेलं पाणी बादलीत धरायचं, थेंबही वाया नाही. सकाळी ऊन वर आलं की आधी सगळ्या तोट्या बंद करायच्या, आणि मगच कॉक उघडायचा. हा क्रम चुकला तर फरशीवर तळं!

पाइपांना गोणपाट तर गुंडाळलेलंच होतं, मग हा खटाटोप कशाला, असं मी विचारलं. चाची हसल्या. म्हणाल्या, “बेटी, रजाई गर्मी देती नहीं, सिर्फ़ रोकती है।” किती खरं! बाळाला गोधडीत ऊब येते ती बाळाच्याच अंगाची. पाइपात थांबलेल्या पाण्याला स्वतःची ऊब कुठली? गोणपाटाने गोठायला उशीर होतो इतकंच. गोणपाट ओलं झालं तर तेवढाही उपयोग उरत नाही, म्हणून वरून प्लॅस्टिक बांधायचं. जिथे पाइप रिकामा करता येत नाही तिथे नळाची बारीक धार रात्रभर चालू ठेवतात, कारण वाहतं पाणी सहजी गोठत नाही. नळ ठिबकला तरी जीव कासावीस होणारी आपण माणसं! मी धारेखाली बादल्या लावायची आणि सकाळी तेच पाणी भांड्यांना वापरायची.

मुळात पाइप फुटतो कसा? बर्फ झालं की पाणी फुगतं, दर दहा लिटरांमागे जवळजवळ एक लिटर. फ्रीजरमध्ये विसरलेली काचेची बाटली तडकते ती याचमुळे. पाइपात बर्फाचा बोळा वाढत जातो. तो आणि बंद तोटी यांच्यामध्ये पाणी कोंडतं, त्याला जायला वाट राहत नाही, आणि पाइप चिरतो. गंमत म्हणजे तेव्हा काहीच दिसत नाही, बर्फच बूच होऊन बसलेलं असतं. घात होतो तो ऊन पडल्यावर!

समोरच्या घरातलं कुटुंब डिसेंबरात जम्मूला गेलं, ते पाइप रिकामे न करताच. फेब्रुवारीत ऊन तापलं तशी माडीवरची चीर मोकळी झाली. घराला कुलूप. शेजाऱ्यांना कळलं तेव्हा पाणी जिन्यावरून उतरत होतं. मुलीच्या लग्नासाठी रचून ठेवलेल्या रजया, गालिचे, हिवाळ्यासाठी वाळवलेली वांगी नि दुधी, सगळं भिजलं. त्या माउलीने परत येऊन एकेक रजई पिळली, तेव्हा आम्हा बायकांना बघवेना. कॉक बंद करायला पाच मिनिटंही लागली नसती.

गोठलेला नळ सोडवायचा तर घाई नको. आधी तोटी उघडायची. मग कोमट पाण्यात पिळलेली फडकी तोटीकडून सुरुवात करून मागे मागे लावत जायची, म्हणजे वितळलेल्या पाण्याला बाहेर वाट मिळते. काही जण पाइपाखाली कागद पेटवतात, ते मात्र कधीही करू नये. तिथल्या जुन्या घरांत लाकूडच लाकूड! आणि नळाला पाणी आल्याशिवाय गीझर लावायचा नाही.

मैत्रिणींनो, थंडीत काश्मीर पाहायला जाल, तेव्हा एवढं ध्यानात ठेवा. सकाळी नळ कोरडा दिसला तर यजमानाला सांगा, आणि तोटी पुन्हा घट्ट बंद करूनच फिरायला निघा. उघडी राहिली तर दुपारी खोलीत पाणी. रात्री एक बादली भरून ठेवा. गरम पाणी उशिरा आलं तर कुरकुर करू नका. त्या एका बादलीमागे कुणीतरी कडाक्याच्या थंडीत उठून कॉक सोडलेला असतो, फडकी गरम केलेली असतात, आणि बहुतेक घरांत ती बाईच असते.

महाबळेश्वरला वेण्णा तलावाजवळ दव गोठलं की आपल्याकडे कोण कौतुक होतं! पण पाइप गोठेल ही धास्ती नाही. आपली काळजी उन्हाळ्याची, त्यांची हिवाळ्याची. घागरी भरून ठेवणारे हात मात्र दोन्हीकडे सारखेच.