यंत्राची कुरकूर

घरांतील यंत्रानें मुकाट्यानें काम करावें, अशी आपणां सर्वांची अपेक्षा असते. पूर्वीं जात्याची घरघर किंवा रहाटाची कुरकूर चालू असे, तोंवर घर नीट चाललें आहे असें माणसांस वाटे. ती अवेळीं थांबली म्हणजेच कोणी तरी चौकशीस उठे. आतां उलट झालें आहे. यंत्र बोलूं लागलें कीं तें बिघडलें, आणि गप्प झालें कीं तें सुधारलें, असें आपण धरून चालतों. यांतील पहिलें म्हणणें बहुतेक खरें आहे. दुसरें मात्र घातक आहे असें आमचें मत झालें आहे, आणि त्यास आमच्या कन्येच्या मेजाखालचा संगणक कारण झाला.

कन्या इमारतींचे आराखडे काढते आणि तिचें काम बहुधा रात्रीं चालतें. अशा कामांत संगणकाचा प्रोसेसर फार तापतो, म्हणून तो पाण्यानें थंड ठेवण्याची योजना त्या पेटींत केलेली आहे. प्रोसेसरवर तांब्याची एक चकती, चकतीवर मुठीएवढा पंप, पंपापासून निघालेल्या दोन रबरी नळ्या, त्यांच्या टोकाशीं ॲल्युमिनियमचा रेडिएटर आणि त्यास वारा घालणारे पंखे, एवढाच हा संसार. तितक्याच अंशांनीं तापतांना तेवढ्याच घनफळाच्या हवेपेक्षां पाणी सुमारें ३५०० पट उष्णता पोटांत घेतें. मोटारीच्या इंजिनांत पाणी खेळवितात तें याच गुणासाठीं.

चार वर्षें हा संसार निमूट चालला. गेल्या उन्हाळ्यांत मात्र पेटींतून खळखळ ऐकूं येऊं लागली. कन्येचें लक्ष कामांत असल्यामुळें तिला त्याचें कांहीं वाटेना. पण शेजारच्या खोलींत आमच्या मातुःश्री निजतात. त्यांचें वय ८१. १९७२ च्या दुष्काळांत सोलापूरकडच्या आमच्या गांवीं त्यांनीं मैलभरावरून डोक्यावर हंडे आणलेले. वाहत्या पाण्याचा आवाज कानीं येत असतां त्यांस झोप लागणें शक्यच नाहीं. "अरे, कुठला नळ चालू राहिलाय बघ," असें म्हणत त्या रात्रींतून तीन तीनदां उठूं लागल्या आणि अंधारांत भिंत धरून न्हाणीघराकडे जाऊं लागल्या. "आजी, नळ नव्हे ग, माझ्या संगणकांतलं पाणी आहे तें," असें नातीनें सांगितलें, तर "मग तें तरी बंद कर," हें त्यांचें उत्तर. या वयांत एकदां पाय घसरला तर काय होतें, हें वाचकांस सांगावयास नको. यंत्र ज्या दुकानांतून घेतलें तेथें विचारतां, "सगळंच काढून नवीन बसवा," एवढाच सल्ला मिळाला.

नाडी न पाहतां औषध द्यावें तशांतला हा सल्ला. १८१६ सालीं पॅरिसमध्यें लेनेक नांवाच्या वैद्यानें कागदाची सुरळी करून ती रोग्याच्या छातीस लावली आणि त्यांतून पुढें स्टेथोस्कोप निघाला. आम्हीं पेटीचें झांकण काढून तीच युक्ति केली. पंख्याची खरखर त्याच्या वेगाबरोबर चढते-उतरते, आणि पंखा क्षणभर थांबविला तर तीही थांबते. पंपाचें बेअरिंग झिजलें असतां एकसुरी कण्हणें ऐकूं येतें. आमचा आवाज या दोहोंपैकीं नव्हता. खळखळ पंपाच्या पोटांत होती व संगणक सुरू करतांना ती अधिक होई. तो हवेचा आवाज होता.

बंद नळ्यांत हवा आली कोठून? थोडीशी कारखान्यांतूनच आलेली असते. शिवाय नळ्यांच्या अंगांतून पाणी वर्षानुवर्षें अगदीं सूक्ष्म प्रमाणांत बाहेर जातें आणि त्याची जागा हवा घेते. ही हवा सर्वांत उंच जागीं जाऊन बसते. आमच्या पेटींत रेडिएटर तळाशीं व पंप वर, म्हणून ती पंपांतच बसली. तिला बाहेर काढण्याची सोय नाहीं, कारण हें यंत्र कायमचें बंद केलेलें असतें. परंतु तिला दुसरी जागा देतां येते. कन्येनें संगणक बंद करून रेडिएटर पेटीच्या छताशीं बसविला. मग तो सुरू करून आम्हीं दोघांनीं पेटी हलक्या हातानें दोन्ही बाजूंस कलती केली. दोनचारदां मोठ्यानें गुळगुळ झाली आणि हवा वर निघून गेली. कामाच्या भरांत ९२ अंशांवर जाणारा प्रोसेसर आतां ७४ अंशांवर थांबतो, आणि मातुःश्रीही रात्रभर निजतात.

मात्र आवाज गेला एवढ्यानेंच आम्ही निश्चिंत झालों नाहीं. उद्यां पंप अजीबात बंद पडला, तर खळखळही होणार नाहीं आणि कण्हणेंही ऐकूं येणार नाहीं. शंभर अंशांच्या आसपास प्रोसेसर आपला वेग आंवरूं लागेल आणि शेवटीं संगणक आपण होऊन बंद होईल, हीच काय ती सूचना. म्हणून उष्णतेचा आणि पंपाच्या फेऱ्यांचा आंकडा कन्येनें पडद्याच्या कोपऱ्यांत सतत दिसेल असा ठेवला आहे. कुरकूर करणाऱ्या माणसास गप्प बसविण्याची घाई घरोघर चालते. तें माणूस गप्प बसलें तें त्याचें दुःख गेलें म्हणून, कीं आंतला पंपच थांबला म्हणून, हें पाहावयास मात्र सहसा कोणी उठत नाहीं.